धारवाडचे बेंद्रे आपल्याला ठाऊक, बडोद्याचे?

आपल्या सीमाभागात 'बेंद्रे' हे आडनाव कुणी उच्चारले की पाठोपाठ 'धारवाड' येणारच. साधनकेरीचे ते घर, 'अंबिकातनयदत्त' हे टोपणनाव, १९७३ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार. घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांनी कन्नड कवितेला केवढे वैभव दिले, हे आपल्यासारख्या दोन भाषांत जेवणाऱ्या-झोपणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको. आजीशी मराठी आणि शेजारच्या अज्जीशी कन्नड बोलत वाढलेल्या मुलांना तर दा. रा. बेंद्रे अगदी घरचेच वाटतात.

पण याच आडनावाचा आणखी एक थोर माणूस होऊन गेला. त्यांनीही घरच्या मराठीपासून दूर, परक्या भाषेच्या मुलखात आपली कर्मभूमी शोधली. फरक एवढाच की धारवाडच्या बेंद्रेंच्या हातात लेखणी होती आणि यांच्या हातात कुंचला. हे नारायण श्रीधर बेंद्रे. जन्म इंदूरचा, कीर्ती मुंबईची आणि आयुष्यातली ऐन उमेदीची सोळा वर्षे बडोद्याची.

त्यांची चित्रे आपल्यापैकी अनेकांनी नकळत पाहिलेली असतील. डोक्यावर घागर घेतलेल्या बायका, बाजारात बसलेल्या माळणी, गुरे राखणारी पोरे, आणि सगळे चित्र बारीक बारीक रंगीत ठिपक्यांनी भरलेले. कॅलेंडरांवर, ग्रंथांत ही चित्रे पुष्कळ छापली गेली. तरीही आज त्यांच्याविषयी लिहावेसे वाटते ते केवळ चित्रांसाठी नाही. घरात चित्र काढणारे मूल असते, त्याच्याकडे बघून आई-बापांच्या पोटात गोळा येतो, 'याचे पुढे काय होणार?' असा प्रश्न पडतो. शिकवणाऱ्या गुरुजींनाही एक प्रश्न असतो, आपल्यासारखे शिष्य घडवायचे की त्यांच्यासारखे त्यांना होऊ द्यायचे? या दोन्ही प्रश्नांना बेंद्रे यांनी आयुष्यभर आपल्या परीने उत्तर दिले. ते उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

इंदूरचे दिवस

नारायणरावांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० चा. इंदूर म्हणजे होळकरांचे संस्थान. राज्यकर्ते मराठी, आजूबाजूची भाषा हिंदी आणि माळवी. म्हणजे दोन भाषांची सवय त्यांना लहानपणापासूनच. त्या काळी इंदुरात दत्तात्रेय दामोदर देवळालीकर नावाचे चित्रकलेचे फार मोठे शिक्षक होते. मुलांना चार भिंतींतून बाहेर काढून उन्हात बसवणारे. झाडाची सावली काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो, शेजारच्या भिंतीचा तांबूसपणाही असतो, हे पुस्तकातून कळत नाही. ते उन्हातच कळते. इंदूरची निसर्गचित्रे पुढे देशभर नावाजली गेली ती या मोकळ्या, रुंद कुंचल्याच्या फटकाऱ्यांमुळे.

बेंद्रे या शाळेत तयार झाले. एकीकडे त्यांनी आग्रा विद्यापीठाची बी. ए. पदवी घेतली आणि दुसरीकडे मुंबईची सरकारी चित्रकला पदविकाही मिळवली. घरच्यांच्या समाधानासाठी एक कागद आणि मनासाठी दुसरा, असे आपल्याकडे आजही बरीच मुले करतात. १९३४ साली त्यांच्या 'व्हॅगाबाँड' म्हणजे 'भटक्या' या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे रौप्यपदक मिळाले. वय अवघे चोवीस. पुढे १९४१ मध्ये त्याच संस्थेचे सुवर्णपदकही मिळाले. त्या काळी बॉम्बे आर्ट सोसायटीचे पदक म्हणजे चित्रकाराच्या कपाळी लागलेला टिळाच.

पंढरपूरच्या मुलाचे वडील

इंदूरच्या त्या दिवसांतली एक गोष्ट आई-बापांनी जरूर ऐकावी अशी आहे. मकबूल फिदा हुसेन हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. हुसेन मूळचे पंढरपूरचे. विठोबाच्या त्या गावात १९१५ साली जन्मलेला हा मुलगा लहान असतानाच आईला पारखा झाला आणि वडिलांबरोबर इंदूरला आला. वडील गिरणीत हिशेबनीस. मुलगा दिवसभर रेघोट्या मारतो, रंग लावत हिंडतो. त्याने काहीतरी पोटापाण्याचे शिकावे, एवढीच त्या बापाची इच्छा. यात त्या माणसाचे काय चुकले? आपण असतो तर वेगळे काय केले असते?

हुसेन पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही ही आठवण सांगत असत. गावाबाहेर चित्र रंगवत बसले असताना त्यांची बेंद्रेंशी गाठ पडली. बेंद्रे वयाने त्यांच्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठे, पण तोवर नाव झालेले. त्यांनी या पोराचे काम पाहिले. नुसते 'छान आहे' म्हणून ते थांबले नाहीत, तर त्याच्या वडिलांना भेटून त्यांनी सांगितले की तुमच्या मुलात चित्रकार आहे, त्याला अडवू नका. वडिलांनी ते मानले.

एका नामांकित माणसाने एका हिशेबनिसाच्या दारात जाऊन चार शब्द बोलणे, यात काय मोठेसे? पण असे शब्द योग्य वेळी बोलणारे फार थोडे असतात. मुलाच्या गुणांची साक्ष बाहेरच्या माणसाने दिली की घरच्यांचा धीर वाढतो. आपल्या गावातल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी, शेजारच्या काकांनी, कुणीही हे करावे. कोणी सांगावे, पुढे काय घडेल!

पायाला भिंगरी

तरुणपणी बेंद्रेंच्या पायाला भिंगरी होती. काश्मीरमध्ये पर्यटकांसाठी काम करणाऱ्या कार्यालयात त्यांनी काही काळ नोकरी केली. तिथे रंगवायला विषयांची काय वाण? पुढे मुंबई झाली. जिथे जातील तिथे रेखाटने आणि निसर्गचित्रे. घाट, बाजार, गल्ल्या, चेहरे. हात इतका तयार झाला होता की समोरचे दृश्य पाहता पाहता कागदावर उतरावे.

१९४५ साली ते शांतिनिकेतनला गेले. तिथे नंदलाल बोस, बिनोदबिहारी मुखर्जी, रामकिंकर बैज अशी दिग्गज मंडळी होती. युरोपीय धाटणीचे तैलरंग आणि उन्हातली निसर्गचित्रे यांत मुरलेल्या बेंद्रेंना तिथे दुसरेच जग दिसले. डोळ्यांना दिसते तेवढेच रंगवायचे नसते. रेषेची लय, आपल्या जुन्या भित्तिचित्रांची परंपरा, खेड्यातल्या माणसाचे साधेपण हेही चित्रात येऊ शकते. त्यानंतर १९४७-४८ मध्ये ते अमेरिकेला गेले. १९४८ साली न्यूयॉर्कच्या विंडरमियर गॅलरीत त्यांचे एकट्याचे प्रदर्शन भरले. परतीच्या वाटेवर युरोपातली संग्रहालये पाहिली. ज्यांची चित्रे पुस्तकातल्या छोट्या छपाईत पाहिली होती, त्या आधुनिक चित्रकारांची मूळ चित्रे समोर उभी होती.

तेव्हा बेंद्रेंचे वय होते अडतीस. पदके मिळालेली, चित्रांना मागणी असलेली. याच वाटेने पुढे चालत राहिले असते तरी सुखात राहिले असते. पण १९५० साली त्यांनी बडोद्याची वाट धरली.

गायकवाडांचे बडोदे

बडोदे आपल्या वाचकांना परके नाही. सरकारी कागदांत १९७४ पासून 'वडोदरा' झाले असले तरी मराठी माणसाच्या तोंडी अजून बडोदेच आहे. गुजराती मुलखातले हे मराठी संस्थान. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक मुलगा दत्तक जाऊन सयाजीराव गायकवाड झाला आणि त्याने या नगरीचा कायापालट केला. दांडिया बाजार, रावपुरा या भागांत आजही मराठी कानावर पडते. मराठी साहित्य संमेलने तिथे भरली, अगदी २०१८ सालीसुद्धा.

सयाजीरावांना चित्रकलेची मोठी आवड. लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी त्यांनी राजा रविवर्मा यांच्याकडून पुराणांतल्या प्रसंगांची चौदा चित्रे काढून घेतली. हेच रविवर्मा पुढे छापखान्याच्या वाटेने आपल्या देवघरांत लक्ष्मी आणि सरस्वती होऊन आले. १८९० मध्ये महाराजांनी 'कलाभवन' ही हस्तव्यवसाय आणि तंत्र शिकवणारी संस्था काढली. आपल्या चित्रपटसृष्टीचे जनक दादासाहेब फाळके तिथलेच विद्यार्थी. १८९४ मध्ये संग्रहालय उघडले. गायकवाड घराण्याच्या कीर्तिमंदिरात १९३९ ते १९४६ या काळात नंदलाल बोस यांनी भित्तिचित्रे रंगवली. म्हणजे एका छोट्या शहरात एकीकडे रविवर्मा आणि दुसरीकडे नंदलाल. तैलरंगातली राजेशाही शकुंतला-दमयंतीही तिथे आणि भिंतीवरची भारतीय रेषाही तिथे.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' ऐवजी 'सर्व माणसे' असा शब्द बसवायला लावणाऱ्या त्या याच. त्यांच्या काळात, १९५० मध्ये, या विद्यापीठाने ललितकला विद्याशाखा सुरू केली. तोवर चित्रकला शिकायची म्हणजे पदविका घ्यायची. इतिहास किंवा रसायनशास्त्रात बी. ए., एम. ए. व्हावे तसे चित्रकलेत विद्यापीठाची पदवी घ्यायची, ही सोय देशात बडोद्याने पहिल्यांदा केली. 'चित्र काढून का कुठे पदवी मिळते?' या प्रश्नाला तेव्हा पहिल्यांदा 'हो, मिळते' असे उत्तर मिळाले.

पहिले डीन झाले मार्कंड भट्ट. शिल्पकला विभाग शांखो चौधुरी यांच्याकडे आणि चित्रकला विभाग बेंद्रे यांच्याकडे आला. लवकरच के. जी. सुब्रमण्यन हेही येऊन मिळाले. १९५९ मध्ये बेंद्रे डीन झाले.

शिकवायचे ते कसे?

आता एक मोठा पेच होता. ज्याचा हात फार तयार असतो, त्याच्या हाताखाली शिकणे सोपे नसते. गाण्यातले उदाहरण घेऊ. आपल्या भागात गाणे घराघरांत आहे. गुरू मोठा गवई असेल तर शिष्य त्याच्या ताना घेतो, त्याच्यासारखा खाकरतो, मान हलवतो तीसुद्धा गुरूसारखी. गाण्यात याला घराणे म्हणतात आणि तो मानही आहे. पण चित्रकलेत गुरूची सही सही नक्कल केली तर लोक म्हणतात, 'मग मूळचे चित्रच घेऊ की!'

बेंद्रे विद्यार्थ्यांसमोर बसून प्रत्यक्ष चित्र रंगवून दाखवत. कोरा कॅनव्हास, पहिली रेघ, रंगांच्या पहिल्या मोठ्या जागा, मग हळूहळू उभा राहणारा चेहरा. पुढे नावारूपाला आलेल्या त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांनी या प्रात्यक्षिकांच्या आठवणी सांगितल्या आहेत. बडोद्याच्या या विद्याशाखेची आणखी एक रीत होती. शिक्षकांचे स्वतःचे काम तिथेच, आवारातच चाले. आपले मास्तर चित्र काढताना अडतात, रंग खरवडून काढतात, पुन्हा सुरुवात करतात, हे मुलांना दिसे. चूक मास्तरांचीही होते आणि ती सुधारता येते, हे डोळ्यांनी पाहिलेले मूल चुकायला घाबरत नाही. स्वयंपाकघरात आईला भाकरी थापताना बघून मुली शिकल्या, तसेच हे शिकणे.

मात्र 'माझ्यासारखे काढा' असा आग्रह बेंद्रेंनी धरला नाही. त्यासाठी त्यांनी केलेली गोष्ट अवघड होती. त्यांनी स्वतःच विद्यार्थ्याप्रमाणे नव्याने शिकायला घेतले. वयाच्या चाळिशीत, नाव झालेल्या माणसाने, आपली सफाईदार निसर्गचित्रे बाजूला ठेवून घनवादाचे प्रयोग केले. घनवाद म्हणजे युरोपात पिकासो आणि ब्राक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणलेली रीत. वस्तू एकाच बाजूने न दाखवता तिचे कोन, तिच्या बाजू सुट्या करून चित्रात मांडायच्या. त्यानंतर त्यांनी आकृती जवळजवळ गाळून टाकलेली अमूर्त चित्रेही करून पाहिली. शिक्षकच नवे काही करून बघतो आहे, फसतो आहे, पुन्हा करतो आहे म्हटल्यावर नक्कल तरी कशाची करायची?

'काटा'

या प्रयोगांतले सर्वांत गाजलेले चित्र म्हणजे 'काटा'. १९५५ मध्ये या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. विषय अगदी रोजचा, पायात काटा रुतणे. रानात, शेतात, अनवाणी चालणाऱ्या बाईमाणसाच्या पायात काटा मोडायचाच. जुन्या कलेतही हा विषय आहे. खजुराहोच्या देवळांवर पायातला काटा काढून घेणारी सुंदरी कोरलेली आहे. रविवर्म्यांची शकुंतला तर काट्याचे निमित्त करून मागे वळून दुष्यंताकडे पाहते. ते चित्र आपल्या आजी-पणजीच्या काळापासून भिंतींवर टांगलेले आहे.

बेंद्रेंनी हाच जुना विषय घेतला आणि त्यातली शकुंतला, दुष्यंत, राजवाडा सगळे काढून टाकले. उरली ती खेड्यातली साधी माणसे. त्यांची शरीरे गोलाईने रंगवण्याऐवजी सरळ रेषांत आणि कोनांत बांधली. रीत युरोपातली, पण काटा आपल्याच रानातला. परदेशातून आणलेली गोष्ट आपल्या मातीत कशी रुजवायची, हे विद्यार्थ्यांना व्याख्यान देऊन पटवण्यापेक्षा असे एक चित्र समोर ठेवणे पुष्कळ झाले. 'सूर्यफूल' आणि 'पोपट व सरडा' ही त्याच बडोद्याच्या काळातली त्यांची आणखी नावाजलेली चित्रे.

१९५६ मध्ये 'बरोडा ग्रुप ऑफ आर्टिस्ट्स' हा गट स्थापन झाला. त्यात गुरू आणि शिष्य एकाच रांगेत होते. बेंद्रेंची चित्रे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची चित्रे एकाच भिंतीवर लागली. बडोद्याची मुले मुंबईत काय करून दाखवताहेत, हे लोकांनी कुतूहलाने पाहिले.

एका ओंजळीतली वेगवेगळी फुले

आता त्यांचे विद्यार्थी पाहा. शांती दवे यांनी जाड थरांच्या, जुन्या शिलालेखासारख्या भासणाऱ्या अमूर्त चित्रांनी नाव मिळवले. ज्योती भट्ट छापचित्रांकडे वळले, आणि पुढे कॅमेरा घेऊन गुजरात, राजस्थान आणि इतर प्रांतांतल्या खेड्यांतून हिंडत त्यांनी बायकांनी अंगणात काढलेल्या रांगोळ्या आणि भिंतींवरची चित्रे यांचे हजारो फोटो घेतले. त्या रांगोळ्या पुसल्या गेल्या, भिंती पडल्या, पण फोटो उरले. काश्मीरहून आलेले गुलाम रसूल संतोष पुढे तंत्रमार्गातल्या आकारांकडे वळले. गुलाममोहम्मद शेख गोष्ट सांगणारी चित्रे काढू लागले, कविताही लिहू लागले. हकू शाह यांनी तर आदिवासी आणि लोककलेच्या अभ्यासाला आयुष्य वाहिले.

यातला एक दुसऱ्यासारखा नाही. आणि बेंद्रेंसारखा तर कुणीच नाही! गुजराती, काश्मिरी, मराठी अशा नाना घरांतली ही मुले. वर्गाची भाषा कधी इंग्रजी, कधी हिंदी, कधी गुजराती. मास्तरांच्या घरची मराठी त्यातल्या बहुतेकांना येत नव्हती. म्हणून काही अडले नाही. भाषेचे कुंपण कसे ओलांडायचे, हे इंदुरात वाढलेल्या माणसाला शिकवावे लागत नाही, जसे ते निपाणी-बेळगाव-विजापूरच्या माणसाला शिकवावे लागत नाही.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. बेंद्रेंवर एक आक्षेप नेहमी घेतला गेला. काही टीकाकार म्हणत, यांची स्वतःची अशी शैली कोणती? आज निसर्गचित्र, उद्या घनवाद, परवा अमूर्त. हात सगळीकडे चालतो, पण माणूस कुठे आहे? आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कलेच्या बाजारात एकच खूण पक्की केलेल्याला लोक लवकर ओळखतात. सतत शिकत राहण्याची किंमत असते, ती बेंद्रेंनी मोजली. विद्यार्थ्यांना मोकळे सोडणारा शिक्षक स्वतःच्या चित्रांबाबतही मोकळा राहिला, त्याचीच ही दुसरी बाजू.

ठिपक्यांकडे

१९६६ साली बेंद्रेंनी बडोद्याची नोकरी सोडली आणि मुंबईला मुक्काम हलवला. वय छप्पन्न. या वयात आपल्याकडे माणूस निवृत्तीचे हिशेब करतो. बेंद्रेंनी पुन्हा नवे काही सुरू केले. सत्तरच्या दशकापासून त्यांच्या चित्रांत ठिपके येऊ लागले आणि अखेरपर्यंत ते राहिले.

ही ठिपक्यांची रीत काय आहे, ते घरच्या उदाहरणाने पाहू. धूपछाव इरकलीचे लुगडे आठवा. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. जवळ घेऊन पाहिले तर दोन धागे वेगळे दिसतात. चार हात लांबून पाहिले तर तिसराच रंग झळकतो, आणि पदर हलला की तो बदलतो. रंग कुणी डब्यात कालवलेला नसतो, तो आपल्या डोळ्यांत कालवला जातो. एका रंगाशेजारी दुसऱ्या रंगाचा ठिपका ठेवला की लांबून तिसऱ्याच रंगाचा भास होतो, तोही असाच. फ्रान्समध्ये सोरा या चित्रकाराने १८८० च्या दशकात हे तत्त्व अगदी शास्त्र म्हणून वापरले. वर्तमानपत्रातला रंगीत फोटो भिंगाखाली धरलात तर तिथेही असेच ठिपके दिसतील.

बेंद्रेंनी हे तत्त्व घेतले, पण शास्त्राच्या कडक नियमांत स्वतःला बांधून घेतले नाही. त्यांचे ठिपके मऊ आहेत. आधी आकृतीची साधी, ठाम बाह्यरेषा असते. घागर, पदर, बैलाचे शिंग, झोपडीचा कोन. चेहऱ्यावर फार तपशील नाही, नाक-डोळे मोजकेच. मग त्या आकृतीत आणि भोवतालच्या हवेत रंगांचे कण भरलेले. त्यामुळे माती, लुगडे, अंग आणि ऊन ही सगळी एकाच धाग्याने विणल्यासारखी वाटतात. इंदूरच्या उन्हात देवळालीकर मास्तरांकडे शिकलेला तरुण म्हातारपणी पुन्हा उन्हापाशी आला. मात्र तेव्हा तो समोरचे दृश्य पाहून रंगवत होता आणि आता आयुष्यभर पाहिलेली खेडी मनातून उतरवत होता.

एवढे ठिपके देत बसायला काय चिकाटी लागत असेल! घाईच्या माणसाचे ते काम नाही. आपल्या घरांतल्या बायकांना ती चिकाटी ठाऊक आहे. अंगणात ठिपक्यांची मोठी रांगोळी काढताना एक ठिपका चुकला की सगळे कोडे चुकते, म्हणून ओठ दाबून, श्वास धरून ती एकेक ठिपका ठेवत जाते.

ही चित्रे लोकांना फार आवडली. काही जाणकारांनी ती जरा गोडच झाली, असेही म्हटले. पण त्या चित्रांतल्या बायका कधी नटून आरशासमोर बसलेल्या नाहीत. पाणी भरणे, विकणे, निवडणे, पाखडणे, लेकरू घेणे यांतच त्या गुंतलेल्या आहेत. बेंद्रेंनी कष्टाला असा सुंदर उजेड दिला.

मानसन्मान पुष्कळ आले. १९६९ मध्ये पद्मश्री, १९७४ मध्ये ललित कला अकादमीची फेलोशिप, मध्य प्रदेश सरकारचा कालिदास सन्मान, आणि १९९२ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी फेब्रुवारीत, वयाच्या ८१व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्या घरासाठी

आपल्या भागालाही चित्रकारांची उणीव नव्हती. बेळगावात के. बी. कुलकर्णी यांनी किती तरी मुलांच्या हाती कुंचला दिला; रवी परांजपे त्यांचेच शिष्य. गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित मुंबईत जाऊन थोर झाले. उडुपीजवळच्या कट्टिंगेरीचे के. के. हेब्बार बेंद्रेंपेक्षा एका वर्षाने लहान. तेही मुंबईला गेले आणि मोठे झाले. यातल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी तो प्रश्न विचारला गेलाच असेल, 'चित्रे काढून पोट भरेल का?'

या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कुणीच देऊ शकत नाही. बेंद्रेंनीही बी. ए. ची पदवी हाताशी ठेवली होतीच. पण त्यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी आपण उचलू शकतो. मुलाचे चित्र पाहताना 'हे कुणासारखे झाले?' असे न विचारता 'तू काय पाहिलेस?' असे विचारावे. वहीवरचे चित्र शेजारच्या मुलाच्या चित्रासारखे, पुस्तकातल्या झोपडीसारखे किंवा डोंगरामागच्या सूर्यासारखे झाले नाही म्हणून खोडरबर हातात देऊ नये. आणि दुसरी गोष्ट, आपल्या नात्यात, ओळखीत एखाद्या मुलाचा हात चांगला असेल तर ते त्याच्या आई-वडिलांना घरी जाऊन सांगावे. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा. इंदूरच्या त्या गिरणीतल्या हिशेबनिसाला ते कुणीतरी सांगितले होते.

कधी बडोद्याला जाणे झाले तर लक्ष्मीविलास राजवाडा आणि त्यातले रविवर्मे आपण पाहतोच, कीर्तिमंदिरही पाहतो. त्या वेळी वाट थोडी वाकडी करून ललितकला विद्याशाखेच्या आवाराकडेही नजर टाकावी. आतल्या झाडांखाली अजून मुले कागद घेऊन बसलेली दिसतील. त्यांतल्या कुणाला बेंद्रेंसारखे चित्र काढायचे नसेल. बेंद्रेंना त्याचे वाईट वाटले नसते.